जळणाऱ्या शहराचा पत्ता

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईबापाला नाही. घरात कोणी पत्ते काढले की मी उठून बाहेर जातो. बायकोला वाटतं, याच्या घरात कोणी जुगारी होऊन गेला असेल. मी तिला तसं वाटू देतो. सोपं पडतं.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापुढे बोलता येईल असं वाटतं. बघू.

आमचं गाव आमगावच्या पुढे, धानाच्या पट्ट्यातलं. आमच्या वस्तीतला मी पहिला ग्रॅज्युएट. बाप राईस मिलमध्ये पोती वाहायचा; त्याच्या मानेवर पोत्याचा घट्टा होता, दगडासारखा. मी बी.ए. झालो, इंग्रजी घेऊन. हे मी आजही मान वर करून सांगतो, का नाही सांगू? खताच्या पोत्यावर काय लिहिलंय, बँकेच्या कागदावर कुठे सही करायची — लोक माझ्याकडे यायचे. शिकून खाली मान घालणाऱ्यातला मी नव्हतो.

दोन हजार सहा-सातची गोष्ट. गणेश म्हणून एक होता, पवारांच्या टोलीतला, म्हणजे त्यांच्या आळीतला, वीस एकरवाला. त्याचा मामेभाऊ बंगलोरला कॉम्प्युटरच्या नोकरीत. तो दिवाळीत आला आणि जाताना एक खोकं सोडून गेला. खोक्यात पत्ते — आपले बदाम-इस्पिक नाहीत. राजे, किल्ले, घोडदळ, उडणारे साप, जादूगार. आपलं साम्राज्य उभं करायचं, गावाचं शहर करायचं, शहराची राजधानी, आणि सगळ्यांत मोठं राज्य ज्याचं तो जिंकला. नियमांचं पुस्तक सोळा पानांचं, सगळं इंग्रजीत. गणेशनं ते उलटं-सुलटं करून पाहिलं आणि माणूस पाठवून मला बोलावलं.

त्या दिवशी गणेशच्या बापानं मला खाटेवर बस म्हटलं. माझा बाप त्या अंगणात तीस वर्षं उभाच राहिला होता. हे मी का सांगतो? सबब म्हणून नाही. झालं तसं सांगतो.

मी पुस्तक घरी आणलं आणि शंभर पानी वहीत त्याचं मराठी केलं. वहीला सगळे 'कायदा' म्हणू लागले. दर रविवारी दुपारी गणेशच्या खळ्यावर ताडपत्री टाकून आम्ही चौघं बसायचो — गणेश, त्याचा चुलतभाऊ सोमू, मी, आणि दिलीप. प्रश्न निघायचे, दर वेळी नवे. घोडदळ नदीत बुडालं तर पत्ता हातात परत येतो का? राजधानीला वेढा पडला असताना धान्य गोळा करता येतं का? सापानं जादूगाराला खाल्लं तर जादू कोणाची? सगळे माझ्या तोंडाकडे बघायचे. मी वही उघडायचो, जरा थांबायचो — थांबल्यानं वजन येतं — आणि निकाल द्यायचो. गणेशही ऐकायचा. खोटं कशाला बोलू, त्या चार तासांसाठी मी आठवडाभर जगायचो.

एक काळा पत्ता होता, खोक्यात तसे चार-पाच. त्यावर जळणारं शहर. खाली एक शब्द, चार अक्षरांचा, त्याचा उच्चार 'रेझ'. मी वहीत लिहिलं होतं : 'जळालेलं शहर पुन्हा उभारा.' रेझ म्हणजे उभारणे, उंच करणे, हे कोणालाही माहीत असतं. त्यामुळे आमच्या खेळात शहर कधी पडतच नव्हतं. जो तो उभारतच जायचा. एकेक डाव तीन-तीन रविवार चालायचा.

आता दिलीप. तो आमच्याच वस्तीतला. पहिलीपासून माझ्या बाकावर. बारावीनंतर कॉलेज सोडलं आणि पोलीस भरतीच्या मागे लागला. पहाटे नहराच्या पाळीनं, कालव्याच्या बांधावरून, असा पळायचा की कुत्रीही मागे पडायची. विधवा मायचा एकुलता एक. भरती हेच त्या घराचं सगळं होतं. तो प्रश्न फार विचारायचा. त्या पत्त्यावरही विचारलं होतं, "उभारा म्हनते, मंग चित्रात आग काऊन आहे बे?"

मी म्हटलं, "आग आधी लागली. समजत नाही तं चूप बस."

त्यानं पुढचा पत्ता टाकला. पण विसरला नाही.

तो रविवार पुढच्या वर्षीच्या डिसेंबरातला. धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, होऊन गेलं होतं, खळ्याच्या कडेला तणसाचा ढीग होता, बैलगाडी सोडून ठेवलेली. माझी सात शहरं आणि एक राजधानी मांडलेली. दिलीपची दोन. त्याची पाळी आली, त्यानं काळा पत्ता काढला आणि माझ्या राजधानीवर आपटला.

"हे पाडलं."

"का पाडलं? तो उभारायचा पत्ता आहे."

"पाडाचा आहे. गोंदियाच्या क्लासमंदी मोठी डिक्शनरी आहे. पाहून आलो." त्यानं पंजा उघडून माझ्या नाकापुढे धरला. तळहातावर पेननं लिहिलेलं — आर, ए, झेड, ई. "उभारायच्या शब्दात यस असते. हा झेडवाला. जमीनदोस्त करा म्हनते. पुरं वर्ष आमच्यानं उलटा खेळ खेळवला याने."

मी म्हटलं, "बारावीवाला मले इंग्रजी शिकवते का आता?"

"चुकला तं चुकला म्हन न बे. आमी का फाशी देऊन रायलो तुले?" मग सोमूकडे वळून तो हसत म्हणाला, "याची डिग्री पोस्टानं आली असन. रस्त्यात अक्षर बदललं."

सोमू हसला. आणि गणेश — गणेश तर मांडीवर थाप मारून हसला. म्हणाला, "अबे, हमारा ग्रॅज्युएट तो फेल निकला."

बैलगाडीच्या दोन्ही बाजूंना धान अडवायला ज्या दांड्या खोचतात, त्यांना आमच्याकडे उभारी म्हणतात. सागाच्या असतात, मनगटाएवढ्या जाड. मी उठलो, गाडीपर्यंत गेलो. पाच पावलं असतील. पाच पावलं म्हणजे विचार करायला पुष्कळ झाली, नाही का? मी उभारी उपसली आणि परत आलो. दिलीप खाली बघत पत्ते गोळा करत होता.

पहिली खांद्यावर बसली. त्यानं मान वर केली — राग नव्हता त्या तोंडावर, नुसतं नवल. दुसरी डाव्या कानावर. ओल्या लाकडावर कुऱ्हाड बसते तसा आवाज झाला. तो आडवा पडला, पत्त्यांवरच. तिसरी मी तो पडल्यावर मारली, बरगडीत. चौथीसुद्धा. त्याच्या कानातून रक्त येऊन राजधानीवर सांडलं आणि मला, खरं सांगतो, बरं वाटलं. तेवढाच एक क्षण, पण वाटलं. पाचवी उगारली तेव्हा सोमूनं मागून मिठी मारली.

सगळ्यांत मोठ्यानं हसला होता गणेश. उभारी मी गणेशवर उचलली नाही. तो विचार माझ्या हाताला शिवलासुद्धा नाही. जो आपला होता, ज्याच्या मागे कोणी उभं नव्हतं, त्याच्यावर उचलली.

आणि तुम्हाला वाटत असेल — बिचाऱ्याला खरंच वाटत होतं की आपण बरोबर, मानी माणूस, रक्त गरम झालं. तसं नाही. मी तेव्हा देवरीकडच्या एका शाळेत तासिकेवर शिकवायला जायचो. तिथल्या कपाटातली डिक्शनरी मी अकरा दिवसांपूर्वीच उघडली होती. दिलीपचा आगीचा प्रश्न मलाही टोचत होता ना. तो शब्द मी बोट ठेवून वाचला. जमीनदोस्त करणे, पाडून सपाट करणे. झेड. कान गरम झाले माझे, त्या रिकाम्या वर्गात. डिक्शनरी बंद केली, कपाटात मागच्या बाजूला सरकवली, आणि ठरवलं की बोलायचं नाही. एका अक्षरानं कोणाचं काय बिघडतं?

म्हणजे पंजा नाकापुढे आला तेव्हा मला माहीत होतं. चारही वेळा माहीत होतं.

गणेशच्या जीपमधून त्याला गोंदियाला नेलं. सोमू पुढे, मी मागच्या सीटवर, दिलीपचं डोकं माझ्या मांडीवर. मी त्याचा डावा हात माझ्या हातात घेतला होता. तासभर सोडला नाही. तो मधून मधून शुद्धीवर यायचा, माझ्याकडे बघायचा आणि परत डोळे मिटायचा. एकदाच बोलला : "केस नोको करू देजो. भरतीत नडते." मारणारा मी, आणि मार खाणाऱ्यानं मलाच वाचवायला सांगितलं.

दवाखान्यात फॉर्म भरायचा होता. पेन अर्थातच माझ्याकडे आलं. दुसरं कोण भरणार? कशानं लागलं, या रकान्यात मी लिहिलं : ट्रॅक्टरवरून पडला. इंग्रजीत लिहिलं. एकही स्पेलिंग चुकलं नाही.

नियमांचं पुस्तक आणि ते काळे पत्ते मी दुसऱ्या दिवशी चुलीत घातले. गणेशनं विचारलंही नाही. त्या पत्त्यांना रक्त लागलं होतं, त्याला ते घरात नकोच होते.

उन्हाळ्यात भरती निघाली. दिलीप सोळाशे मीटरमध्ये त्याच्या घोळक्यात पहिला आला. मेडिकलला डावा कान बाद निघाला. पडदा फाटलेला, आतलं हाडही गेलेलं. पुढच्या खेपेला परत गेला, परत तेच. मग वय निघून गेलं. आता तो मिलमध्ये आहे, माझा बाप होता त्याच मिलमध्ये. विचारलं तर हसतो. "मशीनपाशी एक कान लय झाला," म्हणतो.

त्याची माय जाईपर्यंत ट्रॅक्टरच खरा मानत होती. मी दिसलो की म्हणायची, "तू होतास म्हनून माह्या पोराचा जीव वाचला रे बापू." मी तिच्या हातचा चहा प्यायचो. किती वर्षं? पाच तरी.

तीन वर्षांपूर्वी तो माझ्याकडे आला, पोरीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला. मी आता पर्मनंट आहे, घराला वरचा मजला चढवला आहे. तो नेहमीसारखा माझ्या डाव्या हाताला बसला, म्हणजे त्याचा चांगला कान माझ्याकडे येतो. अर्ज झाला. उठता उठता म्हणाला,

"एक विचारू? त्या दिवशीचं मले अर्धंच याद आहे. तू मारलं थे याद आहे, थे कसं विसरन." आणि हसला. "पन तो शब्द कोनता होता बे? मले वाटे, मी हातावर लिहून आनला होता. दवाखान्यात पाहिलं तं हात कोराच. सपनात पाहिलं असन का?"

दारात उभा होता तो. घरात दुसरं कोणी नव्हतं. एवढी मोकळी वाट मला परत कधी मिळणार होती?

"सपनच असन," मी म्हटलं. "शब्द उभारायचाच होता."

त्यानं मान हलवली, हळूहळू, हिशोब लागल्यासारखी. "मंग मीच चुकलो. फुकटचा पंगा घेतला तुयाशी." चप्पल घालताना थांबला आणि म्हणाला, "पन एक आहे. मी पोरीलेबी सांगतो. गुस्सा होता तुले, मारलं, ठीक आहे. पन गोंदियापावतर हात नाई सोडला माहा."

तो गेला. मी दार लावलं.

जीपमध्ये माझ्या हातात ओला रुमाल होता. आमगावचं रेल्वे फाटक बंद होतं तेव्हा सोमूनं पाण्याची बाटली दिली होती, दिलीपचं तोंड पुसायला. तोंड मी पुसलं नाही. त्याचा पंजा उघडून धरला आणि पुसत बसलो. पेनची शाई लवकर जात नाही. झेड सगळ्यांत शेवटी गेला, गोंदियाच्या अलीकडे.