आत्येनं जगवलेलं प्रवाळ

बातमी आली तेव्हा मी मालवणच्या खडकांत कमरेइतक्या पाण्यात उभा होतो, हातात वीस लिटरचा कॅन. गोव्याच्या इस्पितळातून आत्येची मुलगी सुमन बोलत होती, "दादा, आई गेली…" मी कॅन भरला आणि घरी आलो. दुसरं काय करायचं ते सुचेना, आणि तिच्या टाकीला पाणी तर हवंच होतं.

आत्येनं चाळीस वर्षं मालवणच्या बाजारात मासे विकले. गुडघ्यांनी संप केला तेव्हा घरी बसली. त्याच सुमारास जावई प्रकाश आखातात नोकरीला निघाला आणि आपली हौसेची खाऱ्या पाण्याची काचेची टाकी तिच्या खोलीत ठेवून गेला. टाकीत एक मुठीएवढं हिरवं प्रवाळ, दगडासारखं कडक, पण जिवंत. दुकानातून आणलेलं, टाकीतच वाढलेलं. समुद्रातलं उचलायला बंदी. शेजारीण म्हणाली, "जल्मभर मासे विकलंस, आता धोंडो पाळतंस?" आत्ये म्हणाली, "ह्या धोंड्याक शंभर तोंडां आसत, तरी तुझ्यापेक्षा गप आसता."

पाणी आणायचं काम माझ्याकडे. मी शाळेत विज्ञान शिकवतो. गोडं पाणी हलकं, म्हणून खाऱ्यावर तरंगतं, हे दरवर्षी फळ्यावर आकृती काढून सांगतो. आणि त्याच मी भर श्रावणात, ओहोटीला, खाडीच्या तोंडाशी, पँट भिजू नये म्हणून वाकून वरच्या वर कॅन भरले. आत्ये बांद्याला बहिणीकडे गेलेली. मी शहाण्यासारखं सगळं टाकीत ओतलं. ती दोन दिवसांनी परतली तेव्हा प्रवाळ पांढरंफटक. तिनं पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं.

"मेल्या, खंयसून हाडलंस ह्यां? पाणी न्हय, अळणी पेज आसा."

प्रकाशनं व्हिडिओ कॉलवर पाहिलं. "आई, संपलं ते. टाकून द्या."

"मेल्या माशाचो डोळो माका कोणी शिकवूक नको," आत्ये म्हणाली. "ह्यां जित्तां आसा."

मग मी भरतीला, खाडीपासून लांब, खडकांच्या टोकावर जाऊ लागलो. ती चाखायची. पहिले दोन कॅन नापास झाले… पन्नाशीत मी पुन्हा विद्यार्थी. टाकीतलं पाणी एकदम बदलायचं नाही. रोज दोन तांबे काढायचे, दोन घालायचे. संध्याकाळी कोळंबीचं डोकं दाबून रसाचा एक थेंब त्या पांढऱ्या फांद्यांवर. केसाएवढे हात बाहेर येऊन तो थेंब धरायचे, आणि आत्ये भिंग घेऊन पाहत बसायची. दसऱ्याला एका टोकावर हिरवी छटा दिसली. शिमग्यापर्यंत अख्खं प्रवाळ हिरवं, आणि शेजारीण रोज चहाला, तेच बघायला.

पुढची तीन वर्षं ते वाढतच गेलं. आत्येच्या बाराव्याला प्रकाश आखातातून आला तो टाकी गोव्याच्या घरी न्यायची तयारी करूनच. टाकीपुढे उभा राहिला. मूठभर होतं ते सुपाएवढं झालेलं. हात घालून त्यानं उचलायला पाहिलं, हललं नाही.

"दादा, हे मागच्या काचेवर चढून बसलंय. काच फोडल्याशिवाय निघायचं नाही. भरलेली टाकी उचलता येत नाही, आणि रिकामी केली तर हे मरेल."

"मग?"

तो खाली बसला. "मी टाकून द्या म्हणालो होतो…"

शेवटी बोटाएवढी एक फांदी तोडून, पाण्याच्या पिशवीत घालून, ती मांडीवर घेऊन तो गेला. आत्येची खोली आम्ही गेल्या आठवड्यात रंगवली. टाकीमागची भिंत मात्र तशीच आहे, कारण टाकी हलवता येईना, प्रवाळापुढे रंगाऱ्याचं काही चाललं नाही. आणि काल प्रकाशचा फोटो आला: त्या फांदीनंही तिथल्या नव्या टाकीची काच धरलीय.