यादीत नसलेल्या सातो-सान

बारा वर्षांपूर्वी पुण्याहून नागोयाच्या कचेरीत आले, तेव्हा स्वागतकक्षातल्या मुलीला सांगितले, "सातो-सानना भेटायचे आहे." तिने अदबीने विचारले, "कोणत्या?" आमच्या मजल्यावर सहा सातो होते! पाटलांच्या गावात जाऊन पाटलांचे घर विचारावे, तशी माझी गत झाली. एवढ्यात तपासणी विभागातून एक ठेंगण्या बाई चालत आल्या, कमरेत वाकल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या वाट्याची सातो मी."

सातो हे जपानमधले अगदी सर्रास आढळणारे आडनाव; 'सान' म्हणजे आपले 'जी'. या आडनावाचे पंतप्रधान होऊन गेले, खेळाडू झाले, नटनट्या झाल्या. नामवंत सातोंच्या लांबलचक याद्या आहेत आणि त्यांपैकी एकीतही आमच्या सातो-सान नाहीत. यादी करणाऱ्यांचे काय चुकले, हे सांगण्यासाठीच त्यांच्या साठीनिमित्त आम्ही मराठी शिष्यांनी हा ग्रंथ काढला आहे. साठीला लाल जाकीट घालायची इथली रीत आहे. आम्ही आणलेले जाकीट त्यांनी आधी उलटे करून शिवण पाहिली, मगच अंगात घातले.

तपासणे हा बाईंचा स्वभावच. आम्हा शाकाहारी मंडळींना जेवायला न्यायचे तर त्या हॉटेलात आधी फोन करून सूपच्या पाण्यात मासा उकळलेला असतो का, हे विचारत. "बहुतेक नसतो" या उत्तरावर त्यांचे कधीच समाधान झाले नाही.

माझ्या हातून घडलेली चूक मात्र त्यांच्या तपासणीतून निसटली. गाडीची काच वर जाताना मध्ये हात आला, तर ती थांबून खाली यायला हवी. ते करणारा प्रोग्राम लिहायचे काम आमच्याकडे होते. कडाक्याच्या थंडीतली चाचणी राहिली होती आणि तारीख गाठण्यासाठी ती गाळा, असा वरून दबाव होता. हे सगळे मी सातो-सानना स्पष्ट लिहिले. मेलमध्ये 'सातो' टाइप केले, पहिले आलेले नाव निवडले आणि पाठवून दिले.

शेजारी बसणारा मंदार ओरडला, "अगं, हा कस्टमरकडचा सातो आहे! मेल रिकॉल होतोय का बघ लवकर!"

तो झाला नाही. विभागप्रमुखांनी दोन वाक्यांत निकाल लावला: नवीन मुलीचा गैरसमज झाला, असे कळवायचे आणि तिला महिन्याभरात भारतात परत पाठवायचे. घरी आईला काय सांगणार होते मी?

दुसऱ्या दिवशी सातो-सान मला घेऊन थेट ग्राहकाच्या कचेरीत गेल्या. तिथल्या सातोंसमोर इतक्या खाली वाकल्या की मला कानकोंडे झाले. मग ताठ उभ्या राहून म्हणाल्या, "पत्र भलतीकडे आले, त्याची माफी मागते. मजकुराची मागणार नाही. तो खरा आहे, आणि खरे तेच लिहायला मीच यांना शिकवले आहे."

त्या गृहस्थांनी माझा मेल पुन्हा एकदा वाचला. अखेर त्यांनी तारीख पुढे ढकलली. थंडीतल्या चाचणीत काच एकदा थांबलीच नाही. आम्ही दोष शोधून काढला, दुरुस्त केला आणि माझे परत जाणे टळले.

त्या वसंतात विभागप्रमुखपद सातो-सानकडे येणार, हे जवळजवळ ठरलेले होते. ते दुसऱ्या कुणाला तरी मिळाले. का, हे मला या ग्रंथासाठी जुन्या सहकाऱ्यांशी बोलताना आत्ता कळले. इतक्या वर्षांत बाईंनी चकार शब्द काढला नव्हता. मी तशीच त्यांच्याकडे गेले आणि विचारले, "तुम्ही मला सांगितले का नाहीत?"

त्या चहा ओतत म्हणाल्या, "तुम्हाला परत पाठवून मी त्या खुर्चीत बसले असते, तर दुसऱ्या दिवसापासून मला खरे कोणी लिहिले असते?"

सातो-सान, आज माझ्या हाताखाली नऊ जण आहेत आणि नऊही जण मला खरे लिहितात. तुम्हाला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, आणि आमच्या चुका काढायला तुम्ही शंभरीपर्यंत अशाच खणखणीत राहा.