काकांचा फॉर्म सात

नागपुरात लोकशाही म्हणून जे काही उरलं आहे, ते मनीषनगरातल्या आमच्या घरमालकांच्या निळ्या फोल्डरात उरलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. बाकी सगळा आनंदच आहे. मतदानाचा दिवस म्हणजे सुट्टी, सुट्टी म्हणजे सावजीचं झणझणीत मटण आणि त्यानंतर झोप, हा आमच्या शहराचा कार्यक्रम. मीही त्यातलाच. माझं नाव वर्ध्याच्या यादीत आणि मी नागपुरात, त्यामुळे मत कधी दिलं नाही. सरकारला शिव्या मात्र पोटभर दिल्या. असा मी भाड्यानं खोल्या बघायला गेलो, तेव्हा काकांनी (सगळं लेआऊट, म्हणजे आमची प्लॉटांची वसाहत, त्यांना काकाच म्हणतं) मी काय खातो, लग्न झालंय का, यातलं काहीसुद्धा विचारलं नाही. चष्म्यावरून बघत म्हणाले, "नाव कोणत्या यादीत आहे तुमचं?" मला आधी पोलिसांचीच यादी आठवली. मग कळलं आणि मी "वर्ध्याच्या" म्हणालो. "अन् राहणार इथं! मंग मत काय एसटीनं धाडून राहिले?"

खोल्यांची किल्ली मला फॉर्म आठ भरल्यावर मिळाली. पत्ता बदलला की फॉर्म आठ, पहिल्यांदा नाव घालायचं तर फॉर्म सहा, माणूस गेला की नाव काढायला फॉर्म सात, हे मला त्या दिवसापासून पाढ्यासारखं पाठ आहे. तो फॉर्म मी तीनदा भरला. पहिल्यांदा सही चौकटीबाहेर गेली, दुसऱ्यांदा घर नंबरात खाडाखोड झाली. तिसऱ्यांदा काकांनी माझ्या मागे उभं राहून एकेक अक्षर लिहून घेतलं, त्याची झेरॉक्स काढली आणि ती निळ्या फोल्डरात घातली. काका एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. निवडणुकीची ड्यूटी लागली की बाकीचे डॉक्टरचं सर्टिफिकेट शोधायचे, हे जेवणाचा डबा शोधायचे. रिटायर झाल्यावर ड्यूटी सुटली, पण खोड काही सुटली नाही.

लेआऊटमधली कोणती पोरगी कधी अठरा वर्षांची होते, हे तिच्या बापाच्या आधी काकांना ठाऊक. वाढदिवसाला फॉर्म सहा घेऊन हजर! समोरच्या घरी मेणबत्त्या विझायच्या आत यांनी पोरीपुढे पेन धरलं. तिची आई म्हणाली, "काका, केक तं खा." काका म्हणाले, "आधी सही होऊ दे वं. केक काय, दरसाल येते." लोक ओळखपत्र दाखवून मिरवायला लागले की यांचं डोकं सणकायचं. "कार्ड म्हंजे फक्त फोटो," ते बजावायचे. "यादीत नाव असन तरच मत. कार्ड घेऊन बूथवर जाशीन अन् हात हलवत वापस येशीन." वार्षिक यादी आली की दारोदार फिरून ते प्रत्येकाला त्याचं नाव बोटानं दाखवत. इतका उत्साह बघून मला खरं सांगू, थकवा यायचा.

पण याहून कठीण काम फॉर्म सातचं. कोणाच्याही घरी तेरवीला, म्हणजे तेराव्या दिवसाच्या जेवणाला, काका जायचे, पंगतीत बसायचे, आणि हात धुतल्यावर खिशातून घडी केलेला फॉर्म काढायचे. लोक नाराज व्हायचे. एकानं तर त्यांना फाटकाबाहेर काढलं होतं. मी एकदा म्हणालो, "काका, महिनाभर तरी थांबा ना." त्यावर म्हणाले, "काहून थांबू? गेलेल्या माणसाचं नाव ठेवलं, तर त्याच्या नावावर कोणी दुसराच मत टाकून जाईन. मेल्यावर माणसाची अशी बेइज्जती होऊ द्यायची काय गा?" एकूण लेआऊटमधला मृत माणूस चौदाव्या दिवशी यादीत सापडत नसे.

या सगळ्यात काकू त्यांना पुरून उरल्या होत्या. मतदानाच्या दिवशी दोघंही सातच्या आत रांगेत, आणि तिथून थेट तर्री पोह्यांच्या ठेल्यावर. तिथं काका दर निवडणुकीला विचारायचे, "कोणाले देल्लं वं आज?" काकू पोह्यावर लिंबू पिळत म्हणायच्या, "मतदान गुप्त असते. तुमीच तं सांगता न साऱ्या जगाले!" काका चरफडायचे. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोचं मत कोणाला जातं, ते त्यांना कळलं नाही. "मरताना सांगीन," असं काकू म्हणायच्या. मागच्या उन्हाळ्याच्या आधीच्या उन्हाळ्यात त्या दोन दिवसांच्या तापानं गेल्या. सांगायचं राहूनच गेलं.

तेरवीच्या दिवशी पंगत उठली आणि काका आत जाऊन टेबलापाशी बसले. फोल्डर उघडलं, फॉर्म सात काढला. मला म्हणाले, "लोकायले लावला तो नियम आपल्याले नाही काय?" पाठमोरे बसून त्यांनी फॉर्म भरला, झेरॉक्स काढून आणली आणि संध्याकाळी बीएलओ बाईंच्या, म्हणजे आमच्या भागाची यादी सांभाळणाऱ्या शिक्षिकेच्या हातात दिला. बाई डोळे पुसत घेऊन गेल्या. मला त्या दिवशी काकांचा राग आला होता, खोटं कशाला बोलू.

मग विधानसभेची निवडणूक आली. काकांनी यादी घेऊन नेहमीप्रमाणे सगळं लेआऊट पालथं घातलं. मतदानाच्या दिवशी साडेसहाला माझं दार वाजवलं. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशात कार्ड. शाळेच्या खोलीत आमच्या पुढे कोणी नव्हतं. काकांनी कार्ड पुढे केलं. मतदान अधिकारी मॅडमनी यादीवर पट्टी फिरवली, परत फिरवली, पान उलटलं.

"काका, तुमचं नाव वगळलेलं आहे."

"नीट पाहा."

"पाहिलं ना. इथं वगळल्याची खूण आहे. तुमच्या घर नंबरवर, पती म्हणून तुमचं नाव लावलेल्या या बाई मात्र आहेत." मॅडमनी काकूंचं नाव मोठ्यानं वाचलं. "या आल्या आहेत का?"

काकांनी टेबलाची कड धरली. मला वाटलं, आता हा माणूस नियम काढणार, कलमं काढणार, खोली डोक्यावर घेणार. मी तर भांडायला बाह्याच सरसावल्या होत्या. काका हळूच म्हणाले, "नाही आली ती." मग कार्ड खिशात घातलं. "बरोबर आहे तुमचं, मॅडम. नाव नाही तं मत नाही. लाईन खोळंबवू नका, पुढचा घ्या." पुढचा मीच होतो. ज्या माणसानं मला ओढून आणून मतदार केलं, त्याच्यासमोर मी बोटाला शाई लावून घेतली. ते बोट लपवत मी बाहेर आलो, तेव्हा काका फाटकाशी उभे होते. पोह्यांच्या ठेल्याकडे आम्ही दोघांनीही पाहिलं नाही.

घरी येऊन मी निळं फोल्डर उघडलं. मला त्या कचेरीच्या नावानं बोंब मारायची होती. झेरॉक्स सापडली. काकांचं ते मोत्यासारखं अक्षर, कुठं खाडाखोड नाही. अर्जदार: काका. ज्याचं नाव वगळायचं तो: काका. ओळखपत्राचा नंबर काकांचा. कारण: मयत. खाली काकांची सही, चौकटीच्या आत. स्वतःच्या मरणाचा अर्ज स्वतः सही करून! कोणी चौकशी करायला हवी होती की नाही? पण काकांच्या फॉर्मात आजवर चूक निघाली नव्हती, म्हणून बाई त्यांचा फॉर्म वाचतच नसत, तसाच पुढे धाडत.

काकांनी तो कागद बराच वेळ पाहिला. "अक्षर तं माझंच आहे," म्हणाले. "मले वाटलं, मी तिचंच लिहून राहिलो." मग कारणाच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, "मयत लिहाचं होतं गा. तिच्या नावापुढं हातच चालला नसन."

"पण यादी आली तेव्हा तुम्ही आपलं नाव पाहिलं नाही?"

"साऱ्यायचं पाहिलं. तेवढं एक पान नाही उघडलं. तिचं नाव नसन, ते काय पाहायचं!"

पुढच्या आठवड्यात बीएलओ बाई आल्या. सारख्या माफी मागत होत्या. काकाच त्यांना चहा देऊन समजावत होते. टेबलावर दोन फॉर्म ठेवून त्या गेल्या. काकांसाठी सहा, काकूंसाठी सात. काकांनी पेन माझ्याकडे सरकवलं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा नवीन मतदाराचा फॉर्म मी भरायला लागलो. "अठरा पूर्ण आहेत ना?" मी गंमत केली. ते कसनुसं हसले. मग तो रकाना आला: यादीत नाव असलेल्या, सध्या सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाचा तपशील. मी वाचून दाखवला. काकांनी काकूंचं नाव सांगितलं, नातं सांगितलं, ओळखपत्राचा नंबर न बघता घडाघडा सांगितला. माझं पेन थांबलं. खाली खोट्या माहितीला शिक्षा लिहिलेली असते, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

"नोको लिहू," तेच म्हणाले. "रिकामा ठेव तो रकाना. नियम आहे."

काकांचं नाव परत लागलं. पण नवीन नाव मागच्या पुरवणीत जातं. शेवटच्या पानावर, अठरा वर्षांच्या पोरापोरींच्या मधोमध काका, आणि काकू आपल्या जुन्या पानावर, जुन्या घर नंबरवर. मी म्हणालो, "आता सात भरायचा ना काका?"

त्यांनी दोन्ही पानं शेजारी ठेवली होती. "पुढच्या छपाईत एका घरची नावं एकाखाली एक येते," ते म्हणाले. "तेवढं येऊ दे. एक बार पाहून घेतो. मंग तूच भर गा, माझ्या हाताचा भरवसा नाही राह्यला."

लेआऊटमधल्या एकाही मेलेल्या माणसाला ज्यांनी चौदावा दिवस पाहू दिला नाही, ते काका माझ्याकडे मुदत मागत होते. मी हो म्हणालो. फॉर्म सात माझ्या खणात आहे. काका कधी विचारत नाहीत आणि मीही तो बाहेर काढत नाही.