थंडी वाजत होती का?

सोमवारी संध्याकाळी मुलुंडच्या दवाखान्यात सर्जनबाईंनी बायॉप्सीचा रिपोर्ट माझ्याकडे वळवला. उजव्या स्तनातली गाठ कॅन्सरची होती. काखेतही एक लागत होती.

"पेट-सीटी करून घ्या," त्या म्हणाल्या. "लांब पसरला नसेल तर बरं करण्यासाठी उपचार. पसरला असेल तर आटोक्यात ठेवण्यासाठी."

पेट-सीटी म्हणजे अंगात किरणोत्सारी साखर सोडून काढलेलं चित्र. कॅन्सरच्या पेशी साखर जास्त खेचतात, तिथे चित्र उजळतं.

गुरुवारी मी उपाशीपोटी घाटकोपरच्या सेंटरमध्ये गेले. इंजेक्शन देऊन सिस्टर म्हणाली, "आता तासभर पडून राहा. बोलायचं नाही, हलायचं नाही, मोबाइल नाही." आता किरण माझ्याच अंगातून निघत होते, त्यामुळे नवरा, सुधीर, बाहेरच. जाड दार बंद झालं.

खिडकी नव्हती. एसीचा झोत मानेवर, अंगावर पातळ गाऊन. दहा मिनिटांत दात वाजू लागले. हाताशी बेल होती. पण बोलायचं नाही, हे मी शब्दशः पाळलं. शिवाय बाहेर माणसं ताटकळलेली; चादरीसाठी सिस्टरला कशाला बोलवायचं? सर्जनबाईंची दोन वाक्यं मनात आलटूनपालटून येत राहिली.

शनिवारी सेंटरच्या डॉक्टरांनी पडद्यावर चित्र दाखवलं. काख उजळली होती. ते अपेक्षित होतं. पण मानेच्या दोन्ही बाजूंना, गळ्याच्या हाडांवरही डाग होते.

"त्या दिवशी थंडी वाजत होती का?" त्यांनी विचारलं.

"कुडकुडत होते."

"मग हे ब्राऊन फॅट असावं. शरीर गरम ठेवणारी चरबी. थंडीत तीही साखर खाते. पण तिच्याआड गाठ नाहीच, असं यावरून मी लिहून देऊ शकत नाही. मंगळवारी परत करू."

रिक्षात सुधीर म्हणाला, "वीस वर्षं पत्रकार म्हणून मंत्र्यांना प्रश्न विचारलेस आणि तुला एक चादर मागता आली नाही? धन्य आहेस गं!"

मंगळवारपर्यंत घरातही मी जणू त्याच बंद खोलीत होते. बोटं सारखी गळ्याच्या हाडावर जात. हाताला काही लागत नव्हतं. त्यावरून काही सिद्धही होत नव्हतं.

मंगळवारी स्वेटर, मोजे आणि सासूबाईंची शाल नेली. डॉक्टरांनी आधी ती चरबी शांत ठेवणारी एक गोळी दिली. सिस्टर तीच होती. पाचव्या मिनिटाला मी बेल दाबली.

"आणखी एक चादर द्या."

"अहो, दोन दिल्यात की!"

"तिसरी द्या."

या वेळी चित्रात मान पूर्ण काळी होती. काख तेवढी उजळ. सर्जनबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "बरं करण्यासाठी."

रिपोर्ट लिहिण्याआधी एक प्रश्न विचारणाऱ्या त्या डॉक्टरांची मी ऋणी आहे. तुमच्यावर ही तपासणी करायची वेळ आली तर शाल न्या. थंडी वाजली तर सांगा. न बोलण्याच्या सूचनेत ते येत नाही.

सध्या केमो चालू आहे. त्या वॉर्डातही एसी आहे. मी बेल दाबते.