पाणी चढताना

काल संध्याकाळी सुरूच्या झाडांना टेकलेलं पाणी सकाळी पार लांब गेलेलं दिसलं, तेव्हा शहादेव म्हणाला, "कुणी उपसलं रे हे?"

त्याचा मुलगा अनिल हसला. धारूरचा हा पोरगा गुहागरकडच्या एका खेड्यात झेडपीचा मास्तर होता. पावसाळा सरला, दिवाळी अजून लांब, म्हणून त्यानं आईबापाला समुद्र दाखवायला आणलं होतं. वर कातळावरचं गवत अजून पिवळं पडलं नव्हतं. किनाऱ्यावरच्या एकुलत्या टपरीची ताडपत्री नुकती निघाली होती.

"ओहोटी हाय, आबा. पाचपर्यंत येतंय परत."

"झाडापस्तोर?"

"झाडापस्तोर."

"आन् आपली गाडी?"

"दोनला."

शहादेव ओल्या वाळूच्या कडेला बसला. गेलेलं पाणी होतं तिथं परत येतं, हे त्याला डोळ्यानं बघायचं होतं.

त्याचा जन्म विहिरी खोदण्यात गेला. आधी मुरूम, मग काळा पाषाण, मग सुरुंग. बायको सिंधुबाई वर, दगडमाती ओढून काढायच्या यारीपाशी, तो खाली. तळाला पाणी लागलं की मालक वर नारळ फोडायचा आणि शहादेव खालून ओरडायचा, "इंजिन लावा!" कारण पाणी चढलं की काम थांबतं. तो लागेल तेवढं पाणी उपसायला लावायचा आणि आणखी खोल जायचा. काम संपलं की दुसरं गाव. एकही विहीर भरताना त्यानं पाहिली नव्हती. तलवाड्याच्या सुंदररावांनी त्यांच्या विहिरीवर एकदा विचारलं होतं, "शहादेव, आटलेलं परत येईल का?" तो "येतंय की" म्हणाला आणि हत्यारं घेऊन निघून गेला. आलं की नाही, कोण जाणे.

बारा वाजून गेले. पाणी हललं, पण पुढं आलं असं वाटेना. मग एक लाट त्याच्या पायापासून हातभरावर येऊन विरली. शहादेव चटकन उठून दोन पावलं मागं सरला. सवय होती ती. मग स्वतःशीच हसला आणि पुन्हा पुढं जाऊन बसला.

सिंधुबाई पिशव्या घेऊन आली. मागं अनिल.

"उठा. पाणी काय पळून चाललंय का?"

"पळून गेलतं. आता माघारी यायलंय."

"का म्हून जीव खाता? उद्या कापूस वेचायला बाया सांगितल्यात. बोंडं फुटून लोंबायलीत रानात."

"तीन घंटे."

"तीन घंटे गाडी थांबती व्हय? तुमच्या सासऱ्याची हाय?"

"माझ्या सासऱ्याची असती तर चालूच झाली नसती."

अनिलला हसू आवरेना. सिंधुबाईनं त्याच्याकडंही डोळे वटारले.

"आबा, हे रोज येतं, रोज जातं. मी मोबाईलवर दाखवतो."

"मोबाईलवर मला तळ दिसतो का? हे खालून फुटतंय का वरनं लोटतंय, ते बघायचंय मला."

"चंद्र ओढतो."

शहादेवनं मान वर केली. आभाळ लख्ख होतं, चंद्राचा पत्ता नव्हता. "बरं," तो म्हणाला, "मास्तर म्हणतो तर ओढत असंल."

वरच्या रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. सिंधुबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. आता पाणी त्याच्या घोट्यांपर्यंत आलं होतं आणि तो उठला नव्हता. चढत्या पाण्यात हा माणूस कधी थांबलेला तिनं पाहिला नव्हता. शेकडो वेळा यारीवरून तिनं त्याला घाईघाईनं वर ओढून घेतलं होतं.

"माय, गाडी," अनिल म्हणाला. "पुढची उद्याच हाय."

तिनं पिशव्या कोरड्या वाळूवर ठेवल्या आणि गावाकडं, बाया सांगणाऱ्या शेजारणीला मोबाईल लावला. "वनमाला, जयभीम. आगं, उद्या बाया नको. परवा. न्हाई, तब्येत बरी हाय म्हाताऱ्याची. पाणी बघतोय… समुद्राचं. व्हय, बघायलाच बसलाय."

गाडी निघून गेली. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून ती पाण्यात उतरली. पायाखालची वाळू सरकली तशी तिनं घाबरून शहादेवचा खांदा धरला.

"खालून न्हाई फुटत," तो म्हणाला. "हात लाव. सगळं तिकडूनच लोटत यायलंय."

तिनं हात बुडवला, बोट चाखलं आणि तोंड वाकडं केलं.

"आन् एवढं असून पिता येत न्हाई?"

"न्हाई."

"मग कशाला येतंय परत?"

शहादेवनं मास्तराकडं पाहिलं. मास्तरही पाण्याकडंच बघत होता.