विहिरीकडची लहान कबर

नव्वदनंतर बडोद्याच्या आसपासच्या कारखान्यांत परदेशी यंत्रं यायला लागली आणि त्यांच्यामागून ती बसवणारी माणसंही. आमच्याकडे आला तो डच इंजिनिअर, माझ्यासारखाच पन्नाशीला टेकलेला. मी देखभाल खात्यात, त्यामुळे तीन महिने त्याची माझी जोडी जमली. घरी येऊन त्यानं माझ्या बायकोच्या हातचं थालीपीठ खाल्लं, लहरीपुऱ्याच्या बाजारात फिरून म्हाताऱ्या आईसाठी शाल घेतली. परत जायच्या आधी एकच काम राहिलंय, म्हणाला.

ते काम असं. करजणच्या पुढे, नर्मदेच्या अंगाला, एकेकाळी डच व्यापाऱ्यांची वखार होती. त्याचा कुणी खापरपणजोबाच्याही पलीकडचा पूर्वज तिथे कारकून होता. त्यानं घरी लिहिलेलं एक पत्र त्यांच्याकडे जपून ठेवलंय. धाकटी मुलगी तापानं गेली, तिला विहिरीजवळ पुरलं आणि दगडावर तिचं नाव कोरून घेतलं, एवढंच त्यात आहे. नाव काही लिहिलेलं नाही. यांच्या घरातल्या बायबलमध्ये पिढ्यान्‌पिढ्यांच्या माणसांची नावं मांडलेली, तेवढी एक ओळ कोरी. आई अंथरुणाला खिळलेली, आणि डोळे मिटायच्या आत ती ओळ भरलेली बघायची तिची इच्छा. यानं त्यासाठी तिकडून पातळ कागदाची गुंडाळी आणि काळा खडू आणला होता. दगडावर कागद ठेवून खडू घासला की अक्षरं उमटतात.

पाहुण्याला नेण्याआधी जागा बघून यावी म्हणून एका रविवारी मी एकटाच गेलो. काय सांगू! वखारीची एक भिंत आणि पाच-सहा कबरी उरल्या होत्या, आणि अख्ख्या गावानं तिथे परसाकडला बसायचं ठरवलेलं. पाय टाकायला जागा नाही. एका कबरीवरच्या घुमटाखाली पत्त्यांचा अड्डा, सगळीकडे दारूच्या फुटक्या पिशव्या आणि पिचकाऱ्या. मोठ्या कबरीवर कुणी शेळी बांधली होती, तिच्या लेंड्यांनी दगड भरलेला. विहिरीत मेलेलं कुत्रं तरंगत होतं. लाज नाही, शरम नाही! मी नाकाला रुमाल लावला तो लावलाच. विहिरीच्या बाजूला हातभर लांबीची कबर दिसली, तिच्यावर कोरलेली अक्षरं दिसली आणि मी पळ काढला. घरी येऊन दोनदा अंघोळ केली तरी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाहुण्याला सांगितलं की कबर आहे आणि अक्षरं शाबूत आहेत. त्यानं माझे दोन्ही हात धरले आणि कितीतरी वेळ सोडले नाहीत. घाणीचं मी काही बोललो नाही. आपल्या लोकांची ती अब्रू त्याच्यापुढे उघडी करायची माझी हिंमत नव्हती.

मग मी आमच्या बांधकामाच्या मुकादमाला बोलावलं. दहा माणसं घेऊन जा आणि जागा चकाचक कर, फॉरेनचा साहेब येणार आहे, असं बजावलं. आता, साहेब येणार म्हटलं की आमच्या कारखान्यात काय होतं ते मला पुरतं माहीत होतं. पंचवीस वर्षं मी तेच करवून घेत आलो होतो. झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना फासायचा, फुटकं-तुटकं लिंपून टाकायचं, खड्डा दिसला की बुजवायचा. एवढं माहीत असून मी तोंडातून चकार शब्द काढला नाही की बाबा रे, दगडांना हात लावू नकोस. मला फक्त ती घाण तिथून जायला हवी होती.

शनिवारी सकाळी आम्ही पोहोचलो तेव्हा, खरं सांगतो, मला आधी बरंच वाटलं. कुठे काडी नव्हती. भिंतीला चुना, कबरींच्या कडांना गेरूचे पट्टे, विहिरीवर नवी जाळी. मुकादम झेंडूचा हार घेऊन उभा होता. पाहुणा हार गळ्यात घालूनच विहिरीकडे गेला आणि लहान कबरीपाशी गुडघ्यावर बसला. दगड पांढराशुभ्र होता, हात फिरवला तर काचेसारखा गुळगुळीत.

अक्षरं कुठे गेली म्हणून मी मुकादमाला विचारलं. तो अभिमानानं म्हणाला, ‘‘साहेब, पथरामां बधे तिराडो हती. एकेएक सिमेंटथी पूरी दीधी.’’

चिरा समजून त्यानं अक्षरंच भरून टाकली होती, तीही आधी तारेच्या ब्रशानं घासून. मी त्याच्या अंगावर धावून गेलो, अक्कल गहाण टाकली होतीस का म्हणून ओरडलो. तो बिचारा गोंधळून एवढंच म्हणाला की चकाचक करायला तुम्हीच तर सांगितलं होतं. मला माझीच किळस आली.

पाहुण्यानं तरीही कागद पसरला आणि खडू घासला. कागद सबंध काळा झाला. मी खिशातली किल्ली काढून सिमेंट खरवडायला लागलो, तर सिमेंटाबरोबर दगडाचे पापुद्रे निघायला लागले. त्यानं माझं मनगट धरलं आणि किल्ली बाजूला ठेवली.

मग एकदम काहीतरी सुचल्यासारखा त्याचा चेहरा उजळला. ‘‘पण तुम्ही तर पाहिली होती ना अक्षरं? त्या रविवारी? काय नाव होतं?’’

मला शेळी आठवत होती, तिच्या गळ्यातल्या दोरीचा रंगसुद्धा. कुत्र्याचं फुगलेलं पोट आठवत होतं, पिशव्या, पिचकाऱ्या, सगळं. तो खडू हातात धरून, कागदाची कोरी बाजू वर करून वाट बघत होता.

‘‘मी वाचलं नाही,’’ मी म्हणालो. ‘‘वास येत होता.’’