खिळ्यावरचं कव्हर

परभणीत स्टेशनकडून गावात येताना डाव्या हाताला सूर्यभान मिस्त्रीचं दुकान होतं. दुकान कसलं, मागे एक भिंत, वर चार पत्रे आणि पुढे तेल पिऊन काळी झालेली जमीन. पण पावसाळ्यात ती भिंत बघण्यासारखी असायची. आषाढ लागला की तिच्यावर फटफट्यांच्या चेनची कव्हरं लटकायला लागत. हिरवी, काळी, चेपलेली, गंजलेली. पोळ्यापर्यंत भिंत झाकून जायची आणि दसरा झाला की पुन्हा एकेक खिळा मोकळा व्हायचा.

याला कारण आपली काळी माती. ज्यानं ती पावसात तुडवली नाही त्याला सांगून कळायची नाही, आणि तुडवली त्याला सांगायची गरज नाही. पेडगावच्या रस्त्यानं फटफटी घातली की चिखल चाकाला धरायचा, चाकावरून कव्हरात शिरायचा आणि आत ठासून बसायचा. मग चेन तुटायची, नाहीतर चाकच जाम व्हायचं. बहात्तरच्या दुष्काळानंतर पाऊस मनावर घेऊन पडायला लागला, तशी माणसं फटफट्या ढकलत गावात यायला लागली. यावर इलाज काढला सूर्यभाननं. पावसाळाभर कव्हर उतरवून ठेवायचं आणि चेन उघडीच चालवायची. आठवड्याच्या आठवड्याला ती आणून दाखवायची. तो राकेलमध्ये ब्रश बुडवून चिखल काढायचा, कोरड्या फडक्यानं पुसायचा, तेल सोडायचा आणि बोटानं चेन वरखाली करून ढील बघायचा.

सूर्यभान मूळचा पेडगावचा, बौद्धवाड्यातला. छप्पन साली बापानं मेलेली ढोरं ओढायचं सोडलं तेव्हा तो शाळकरी पोर होता. बाप म्हणाला, "हातात हत्यार घे, पर मानाचं घे." म्हणून तो परभणीला रहीम उस्तादांकडे राहिला. उस्ताद हैदराबादेत फटफट्यांचं काम शिकून आलेले. शागीर्दानं कव्हरं काढायचा सपाटा लावलेला त्यांना मुळीच पसंत नव्हता. "मशीन को नंगा नक्को छोड, बेटा," ते म्हणायचे.

"उस्ताद, तुमच्या हैदराबादला डांबर हाय," सूर्यभान हसून म्हणायचा. "हितं चिखल हाय."

उस्ताद वारले. सूर्यभानचं नाव झालं. आपल्या युक्तीवर माणसाचा जरा जास्तच जीव असतो, तसा त्याचाही होता. खोटं कशाला सांगा.

काशीनाथ गुरुजी पेडगावहून परभणीच्या शाळेत शिकवायला रोज फटफटीनं यायचे. त्यांची फटफटी सूर्यभानशिवाय कुणाच्या हाताखाली गेली नव्हती. गुरुजींची बायको प्रभावती, पूर्णा गावची लेक. सूर्यभान गावाकडे गेला आणि गुरुजींच्या दारावरून निघाला की ती हाक मारून चहा द्यायची, तोही घरातल्याच कपात. बाकीच्यांनी अंगणात वेगळी कपबशी ठेवलेली असायची, राखेनं घासलेली, कोनाड्यात पालथी घातलेली. हे सूर्यभान कधी बोलला नाही, पण विसरलाही नाही.

एका दिवाळीत पाडव्याच्या संध्याकाळी गुरुजी दुकानात आले. सोबत लेक सुमंगला होती, दहा वर्षांची. तिला एका उलट्या डब्यावर बसवून गुरुजी घाईघाईनं म्हणाले, "मिस्त्री, चेन उड्या मारतेय. उद्या भाऊबीज. हिच्या आईला पूर्ण्याला न्यायचंय."

सूर्यभाननं मागच्या दातेरी चाकावरची चेन चिमटीत धरून ओढली. ती दात्यांवरून उचलून आली. गेल्या साली एक कडी काढून तिला वर्षभर चालवलं होतं. आता काढायला काही उरलं नव्हतं. त्यानं जुनी चेन सोडली, तिच्या शेपटाला नवी जोडली आणि जुनी ओढत ओढत नवी आत घेतली. दोन टोकं जोडणारं लॉक बसवलं. लॉकची पट्टी चेन धावते त्या दिशेला बंद तोंड करून घातली, ओढून पाहिली, चाक फिरवून पाहिलं. मग उठून भिंतीवरचं कव्हर काढलं. दसरा होऊन गेला होता आणि खिळ्यांवर दोन-तीनच कव्हरं उरली होती. त्यातलं हे एक.

कव्हर मध्ये चेपलं होतं. लावून पाहिलं तर नव्या चेनीला खरखर घासत होतं. ठोकून सरळ करायचं तर तास-दीड तास जाणार.

"राहू दे हो," गुरुजी म्हणाले. "अंधार पडायलाय. पूर्ण्याहून आल्यावर बसवू."

"गुरुजी, पाऊस सरला. आता ते उतरून ठिवायला कारन न्हाई. मागं बाईमानूस बसनार."

"आल्यावर म्हणालो ना."

सूर्यभान कव्हर हातात घेऊन थोडा वेळ उभा राहिला. खरं सांगायचं तर त्यालाही बरंच वाटलं. घरी सण होता आणि दिवसभर वाकून कंबर भरून आली होती. त्यानं कव्हर परत खिळ्याला अडकवलं. गुरुजींनी किक मारली. त्या आवाजातच सूर्यभान ओरडून म्हणाला, "वैनीला पदर खोचून बसाया सांगा! चेन उघडी हाय!" गुरुजींनी मान हलवली. सुमंगला टाकीवर चढून बसली आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बातमी आली. पूर्ण्याच्या रस्त्यावर, एका पुलाच्या अलीकडे, प्रभावतीच्या पदराचं टोक सुटलं आणि चेनीत गेलं. भाऊबीजेची नवी साडी, नायलॉनची. सुती लुगडं असतं तर फाटून तरी गेलं असतं. नायलॉन फाटत नाही, ते माणसाला घेऊन जातं. ती मागल्या मागे ओढली गेली आणि तिचं डोकं रस्त्यावर आपटलं. पुढे टाकीवर सुमंगला होती. तिनं मागे वळून पाहिलं.

सूर्यभाननं हातातलं काम खाली ठेवलं. दोन दिवस तो दुकानात येऊन नुसता बसून राहिला. भिंतीवरचं ते कव्हर उतरवावं असं त्याच्या शंभरदा मनात आलं, पण हात लागेना.

तेराव्याच्या दिवशी प्रभावतीचा भाऊ रंगनाथ दुकानासमोर येऊन उभा राहिला. आधी भिंतीकडे बघितलं, मग विचारलं, "यातलं कोनतं?"

सूर्यभाननं बोट दाखवलं.

"बाईमानूस मागं बसतंय हे तुला ठाऊक न्हवतं का रे?"

"होतं. म्या बसवत होतो, मालक. गुरुजीच म्हनले, आल्यावर बसवू."

"चल. तोंडावर सांग."

दोघे पेडगावला गेले. ओसरीवर माणसं बसलेली, मध्ये डोकं भादरलेले काशीनाथ गुरुजी. सूर्यभान पायरीखाली उभा राहिला. रंगनाथनं सगळ्यांदेखत विचारलं, "भावजी, हा म्हनतो, कव्हर नको असं तुमीच सांगितलं. खरं का?"

गुरुजींनी मान वर केली नाही. तसेच म्हणाले, "मी बसव म्हणालो होतो. यानंच टाळलं."

सूर्यभानला विचारायचं होतं, गुरुजी, मी पदराचं ओरडून सांगितलं ते तरी तुमच्या कानावर गेलं का? तुम्ही मान हलवली ती ऐकून की उगीच? पण ज्या घरातली बाई गेली तिथं पायरीखाली उभं राहून हे कसं विचारायचं? दाराच्या चौकटीला धरून सुमंगला उभी होती. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि बघता बघता मान खाली घातली. एक म्हातारा पुटपुटला, "हात कुनाचा लागला होता, ते बगा की." दुसऱ्यानं मान डोलावली. गुरुजींच्या बायकोच्या हातचा चहा ज्याला घरातल्या कपात मिळायचा, त्याच्यासाठी एवढं कारण गावाला पुरेसं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला माणसं नेहमीच तयार असतात, आणि संन्यासी गावाच्या खालच्या अंगाला राहणारा असला तर दोर शोधावा लागत नाही.

घरी सत्यशीला, त्याची बायको, तापली. "बायकू मेल्याचं त्याला सोसना, म्हनून तुमच्या माथ्यावर घातलं. तुमी गप का बसला?"

"मंग काय करू? तिथं भांडू?"

"भांडायचं! तुमचं काय चुकलं?"

सूर्यभान उठून बाहेर गेला. चुकलं होतंच की. ठोकायला दीड तास लागला असता. गुरुजी ताडताड बोलले असते, पण कव्हर बसलं असतं. आणि मुळात ते उतरवलं होतं कुणी? ही युक्ती तरी कुणाची? उस्ताद काय म्हणायचे ते त्याला आता रोज आठवायचं.

गुरुजींनी माणूस पाठवून कव्हर नेलं आणि समोरच्या भगवानरावाच्या दुकानात बसवून घेतलं. पुढच्या पावसाळ्यात सूर्यभाननं ठरवलं, मेलो तरी कुणाचं कव्हर काढायचं नाही. चिखल झाला तर रोज आणा, मी फुकट काढून देतो. लोक हसले. रोज कोण येतं? ज्या रस्त्यानं त्याचं नाव झालं होतं त्याच रस्त्याची गिऱ्हाइकं समोर जायला लागली. युक्ती त्याची, आणि भिंत भरली भगवानरावाची. सूर्यभानच्या भिंतीवर नुसते खिळे राहिले.

आषाढातल्या एका सकाळी काशीनाथ गुरुजी फटफटी ढकलत आले. चाक चिखलानं गच्च जाम झालं होतं. मागे दप्तर घेऊन सुमंगला. तिला आता परभणीच्या शाळेत पाचवीला घातलं होतं आणि ती रोज बापाच्या मागे बसून यायची. भगवानरावाचं दुकान अजून उघडलं नव्हतं, म्हणून गुरुजींना इथं थांबावं लागलं. नजर दुसरीकडे ठेवून ते म्हणाले, "मिस्त्री, कव्हर काढायचंय."

"मागं कोन बसतं?"

"ही बसते. दुसरं कोण?"

"मंग न्हाई काढनार. चिखल काढून देतो."

"अरे, उद्या पुन्हा भरेल! रोज किती ढकलू?"

"ढकला," सूर्यभान म्हणाला. एवढंच म्हणाला. पण आवाज असा निघाला की गुरुजींचा चेहरा उतरला. त्यांनी फटफटी समोर नेली. थोड्या वेळानं भगवानराव आला. त्यानं चार बोल्ट सोडले, कव्हर उपसून आपल्या भिंतीला लटकावलं, चिखल खरवडला. सूर्यभान इकडून बघत बसला. त्याच्यानं उठवेना.

तेवढ्यात सुमंगला रस्ता ओलांडून आली. "काका, सुतळी आहे का? माझी चिखलात पडली."

त्यानं सुतळीचं रीळ पुढं केलं. तिनं हातभर तोडली, परकराचा घोळ दोन्ही गुडघ्यांत आवळून धरला आणि वरून सुतळीचे दोन वेढे देऊन गाठ मारली. हात सराईत होता. सुटणारे काठ आत खोचले, पुन्हा ओढून बघितले.

"रोज बांधतीस का गं?" सूर्यभाननं विचारलं.

"रोज." मग ती खाली बघत म्हणाली, "तुम्ही सांगितलं होतं ना काका, खोचून बसायला. बाबांना नव्हतं ऐकू आलं. मला आलं होतं." तिनं सुतळीची गाठ पुन्हा आवळली. "घरी गेल्यावर मी फुलबाज्या लावत बसले. आईला सांगायचं राहून गेलं."

आठ महिने सूर्यभान आपल्या नावासाठी झुरत होता. गुरुजी आपली बाजू सावरत होते. आणि बाईच्या मरणाचं सगळं ओझं या पोरीनं एकटीनं उचललं होतं, कुणाला काही न सांगता.

"तुला न्हवतं सांगितलं, बाय," तो कसाबसा म्हणाला. "तुझ्या बापाला सांगितलं होतं. तुझी चूक न्हाई. ऐकलंस का? तुझी न्हाई."

पण पलीकडे गुरुजींनी किक मारली होती, आणि त्या आवाजात तिला काय ऐकू गेलं कोण जाणे. तिनं मान हलवली. बांधल्या गुडघ्यांनी लहान लहान पावलं टाकत तिनं रस्ता ओलांडला, आणि बापानं हात दिल्यावर ती उघड्या चेनच्या बाजूला पाय सोडून मागे बसली.